चौकटीला टेकलेली बोटं

हे रचलेलं नाही. इर्मा माझी सख्खी मावशी. हे सांगताना दर वेळी तिचे हात गार पडायचे, ते मी स्वतः धरलेत. पटलं नाही तर सोडून द्या.

गाव जर्मनीतलं लाइपझिग. १९४२ चा फेब्रुवारी.

मावशीचा नवरा आघाडीवर. ती आणि सहा वर्षांची गुड्रुन ओल आलेल्या तळघरात दिवस काढत होत्या. पोर खोकून खोकून बेजार. आणि अचानक तिसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं. ऊन येणारं. पलंग, कपाट, पडदे, सगळं जिथल्या तिथे.

आधी तिथे हाल्परिनबाई राहायच्या, दोन मुलांसह. ज्यू होत्या. जानेवारीत एका सकाळी त्यांना ट्रकमध्ये घालून नेलं. कुठे, ते कुणी विचारलं नाही. मावशीनेही नाही.

दाराच्या चौकटीवर उजवीकडे एक लांबट डबी तिरकी ठोकलेली होती. ज्यूंच्या प्रार्थनेची. ते लोक येता-जाता तिला बोटं लावतात आणि बोटांचा मुका घेतात. मावशीने पक्कड आणली, डबी उपटली, चुलीत टाकली. भोकं बुजवून वर रंग फासला.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली.

वर आली... दारापाशी थांबली...

मग चौकटीवर बोटं घासल्याचा आवाज. आणि एक हलकासा मुका.

मावशीने दार उघडलं. जिना रिकामा.

रोज तेच. बरं, आवाजाचं एक वेळ सोडा. खरी पाचावर धारण बसली ती आठवड्याभराने. गुड्रुन खेळून आली, टाचा उंचावून चौकटीला बोटं टेकवली... आणि ओठांना लावली.

"काय करतेस गं सटवे!" मावशीने तिचा हात खाली ओढला. "कुणी शिकवलं हे?"

"दारातल्या काकूंनी."

मावशीचं धाबं दणाणलं. भुताचं भय होतंच, पण त्याहून मोठं भय खालच्या मजल्यावर राहत होतं. झाइफर्ट. नाझी पक्षाचा माणूस, अख्ख्या इमारतीवर नजर ठेवणारा. जर्मन पोर ज्यूंसारखं वागतंय, असं त्याने वर कळवलं की संपलं. रक्ताची चौकशी. आजी कोण, पणजी कोण. पोर हातची जायची.

मावशीने तिला धमकावलं, मारलं, रडून विनवलं. पोरीचा हात काही थांबेना.

आणि तो रविवार आला. महिन्यातून एका रविवारी घरोघर एकाच पातेल्यातलं साधं जेवण करायचं, असा सरकारी शिरस्ता होता. झाइफर्ट दुपारी प्रत्येकाचं झाकण उघडून बघायचा.

"काय इर्माबाई, डुकराचं मांस दडवलं नाहीत ना कुठे?" तो हसत पातेल्यावर वाकला.

"कुठलं मांस, साहेब! बटाटे आणि कोबी. वाढू का?"

तेवढ्यात गुड्रुन अंगणातून वर आली. मावशी 'नको' म्हणेपर्यंत...

बोटं चौकटीला. बोटं ओठांना.

झाइफर्टच्या हातातलं झाकण हवेतच राहिलं.

"पोरी, हे कुणाचं बघून करतेस?"

"काकूंचं." गुड्रुनने मागे उंबरठ्याकडे बोट केलं... "आज मुलांना घेऊन आल्यात. धाकट्याच्या पायात बूट एकच आहे. दुसरा म्हणे तुम्ही ट्रकमध्ये ढकललंत तेव्हा पडला."

झाइफर्टच्या तोंडचं पाणी पळालं. त्या सकाळी त्यांना ओढत नेणारा तोच होता.

बाहेर जायला वाट एकच. तो भिंतीला पाठ घासत, अंग चोरत सरकला... दारात कुणाचा तरी धक्का चुकवत असल्यासारखा. मग जो जिना उतरून पळाला! त्याने कधीच काही कळवलं नाही. मावशीच्या दारात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

मावशीने पोरीला छातीशी घट्ट धरलं. वाचली! माझी पोर वाचली!

"आई, काकू विचारत होत्या, आत येऊ का म्हणून."

"मग... तू काय म्हणालीस?"

"या म्हटलं. घर त्यांचंच आहे ना?"

त्या संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली नाहीत. आतल्या खोलीत मात्र पलंग करकरला...

मावशी त्या घरात आणखी तीन वर्षं राहिली. जाणार कुठे? पण पलंगावर ती एकदाही झोपली नाही. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून रात्री काढल्या. का गं मावशी, असं मी कितीदा तरी विचारलं.

"मोकळा नसायचा," एवढंच म्हणायची.