उजनीवरची वायुनौका आणि चुकार गोळी

मोजणीस खोटं बोलत नाही, हे शाल्मलीला पक्कं ठाऊक होतं. त्याला ते जमतच नाही. तो घरातला यंत्रमानव. भिंतीवरच्या पालींपासून डब्यातल्या चकल्यांपर्यंत सगळं मोजायचा आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगायचा. चकल्यांच्या बाबतीत तर शाल्मलीला त्याचा फार राग यायचा.

"रक्तदाब एकशे बावन्न, अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला. "दोन महिन्यांत एकही गोळी चुकली नाही. मीठ निम्म्यावर. चालणं रोज चार किलोमीटर."

"मग उतरत का नाही मेला!" केतकीमावशीनं दंडावरचा पट्टा काढून बाजूला टाकला.

मावशी उजनी जलाशयावर वायुनौका (हलक्या वायूनं भरलेलं, फुग्यासारखं तरंगणारं वाहन) चालवायची. तिच्यातून रोहित पक्ष्यांची मोजदाद व्हायची, पल्याडच्या गावांना औषधं जायची. पण दाब चढला तसं पंधरा दिवसांपूर्वी तिला उड्डाण बंद करायला सांगितलं. दहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हाही दाब जास्तच निघाला, तर नौका दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार होती. वीस वर्षं आभाळात वावरलेली ही बाई आता रोज पहाटे शेडवर जायची, चहा प्यायची, इतरांना निरोप द्यायची आणि गुपचूप घरी यायची. शाल्मलीला ते बघवत नव्हतं.

रविवारी ती हट्टानं मावशीबरोबर शेडवर गेली. तिथला एक रिवाज होता. सुटण्याआधी सगळ्यांनी एकत्र दुधाळ चहा घेतल्याशिवाय नौकेचा दोर सोडायचा नाही. मावशीनं कप हातात घेतला, तळहातावर तीन गोळ्या ठेवल्या आणि एका घोटात गट्ट केल्या.

"तिन्ही एकदम?"

"रक्तदाबाची, थायरॉइडची आणि हाडांसाठी कॅल्शियमची. थायरॉइडची पूर्वी उठल्याउठल्या पाण्याबरोबर घ्यायचे गं. दिवाळीनंतर कॅल्शियम सुरू झालं, मग म्हटलं, कशाला तीन वेळा लक्षात ठेवा? एकदाच काय ते उरकायचं. मोजणीसही खूश!"

परत येताना फाल्गुनातलं ऊन चांगलंच तापलं होतं, तरी मावशीच्या अंगात स्वेटर होता. गाडीत तिचा डोळाही लागला. शाल्मलीच्या मनात काहीतरी खटकलं, पण काय ते तिला सांगता येईना.

दुपारी ती रुमाल धुवायला बसली. विहिरीचं पाणी, त्यामुळे साबण कितीही घासा, फेस म्हणून येईना.

"पाणी जड आहे," मोजणीस आपणहून म्हणाला. "त्यातलं कॅल्शियम साबणाला धरून बसतं. साबण खर्च होतो, कामाला येत नाही."

शाल्मलीचा हात थांबला.

"मोजणीस, कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या गोळीलाही असंच धरून बसत असेल का रे?"

मोजणीसानं सगळ्या नोंदी चाळल्या, त्याला तीन सेकंद लागले. इतका वेळ तो कधीच घेत नाही. "माझ्याकडे गिळलेल्या गोळ्यांची नोंद आहे," तो म्हणाला. "रक्तात पोचलेल्यांची नाही."

दुसऱ्या दिवशी दोघी डॉ. तांबोळींच्या दवाखान्यात होत्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि थायरॉइडसाठी रक्त तपासलं. अहवाल बघून त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"केतकीताई, आज मी तुमची रक्तदाबाची गोळी वाढवणारच होते. दिवाळीतली थायरॉइडची तपासणी चांगली होती, म्हणून मीही तिकडे पाहिलं नाही. या पोरीनं बरोब्बर जागेवर बोट ठेवलंय."

"पण घशातल्या थायरॉइडचा आणि रक्तदाबाचा काय संबंध?" शाल्मलीनं विचारलं.

"थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती संप्रेरक (रक्तातून शरीरभर निरोप पोचवणारं रसायन) तयार करते. त्याचा निरोप असतो, शरीरानं किती वेगानं काम करायचं हा. मावशीच्या ग्रंथीत ते कमी तयार होतं, म्हणून गोळीतून द्यायचं. ते पुरेसं पोचलं नाही की सगळं मंदावतं."

"म्हणून स्वेटर! म्हणून झोप!"

"हो. आणि रक्तवाहिन्याही ताठर होतात. बागेतला रबरी पाइप नवा असताना कसा लवचीक असतो आणि उन्हात कडक होतो, तसं. कडक वाहिनी सैल पडत नाही. मग खालचा आकडा, म्हणजे हृदय दोन ठोक्यांमध्ये विसावतं तेव्हाचा दाब, चढतो."

"म्हणजे चहा आणि कॅल्शियमनं घोळ घातला," मावशी ओशाळून म्हणाली.

"घातला खरा. आता थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा तासाभरानं. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत, म्हणजे मध्ये चार तासांहून जास्त अंतर पडेल. रक्तदाबाची गोळी आहे तशीच चालू. ती मनानं बंद करायची नाही आणि थायरॉइडची मनानं वाढवायची नाही. शरीर सावकाश सावरतं, आठ आठवड्यांनी बघू."

ते आठ आठवडे शाल्मलीला फार लांब वाटले. मोजणीस आता मावशीला पहाटे पाचला उठवायचा. पूर्वी तो "गोळी घेतली?" एवढंच विचारी. शाल्मलीनं त्याला आणखी एक प्रश्न शिकवला होता, "कशाबरोबर?" तिसऱ्या आठवड्यात स्वेटर ट्रंकेत गेला. पाचव्यात मावशी दुपारची झोपेनाशी झाली.

तपासणीच्या दिवशी मोजणीसानं पट्टा आवळला तेव्हा शाल्मलीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"एकशे सव्वीस, ब्याऐंशी."

मावशीनं तिला इतकं जोरात कवटाळलं, की मोजणीसानं काळजीनं तिचेही ठोके मोजले.

उड्डाणाची परवानगी मिळाली आणि पुढच्या रविवारी नौकेत मावशीच्या शेजारी शाल्मली बसली होती. मावशीच्या गोळीला अजून तास झाला नव्हता, म्हणून शेडवरच्या मंडळींनी त्या दिवसापुरता रिवाज बदलला. किटली नौकेत ठेवून दिली आणि दोर सोडला. खाली पाणी पसरत गेलं, रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग दिसू लागली. पल्याडच्या गावांसाठी ठेवलेल्या औषधांच्या प्रत्येक पेटीवर मोजणीसानं नवी चिठ्ठी लावली होती : गोळी कधी, कशाबरोबर आणि कशापासून लांब?

मावशीचा हात किटलीकडे गेला.

"अजून चार मिनिटं," मागच्या पेट्यांजवळून मोजणीसाचा आवाज आला.

मावशीनं हात मागे घेतला, सुकाणू धरलं आणि चार मिनिटं दोघी खाली बघत राहिल्या.