कुठे चालणार?

थोरलीने लॅपटॉपला शिवी हासडली, तेव्हा दुपारचा चहा शेजारी गार होत होता. पलीकडच्या खोलीतून बाबा म्हणाले, "त्याला कळतं का मराठी?"

"कळतं. पडद्यावरचे संदेश मीच मराठीत भाषांतरित केलेत. अक्कल तेवढी नाही मेल्याला."

बाबांनी जन्मभर घरांचे नकाशे काढले. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून ते डाव्या हाताच्या एका बोटाने आज्ञा टाइप करून पडद्यावर रेघा काढायचे. चित्रांचं ते सॉफ्टवेअर जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेलं. कुणीही उघडावं, दुरुस्त करावं. पण नव्या आवृत्तीत बाबांच्या जुनाट मशीनसाठी आज्ञांची सोयच नव्हती आणि जुनी उघडेना. मग बाबा नुसते भिंतीकडे बघत बसायचे. ते थोरलीला बघवत नव्हतं.

म्हणून हा उपद्व्याप. प्रोग्राम बांधायचा लॅपटॉपवर, चालवायचा बाबांच्या मशीनवर. शिजवायचं आपल्या चुलीवर आणि पचवायचं दुसऱ्याच्या पोटाने! सुरुवातीलाच ही बांधणी करणारा प्रोग्राम विचारायचा, "कुठे चालणार?" तिथे मशीनच्या जातीचं लांबलचक नाव द्यायचं. एक अक्षर चुकलं की उत्तर ठरलेलं, "असं मशीन माहीत नाही." सकाळपासून हेच चाललं होतं. शेवटी वैतागून तिने लिहिलं, "बाबा."

बांधणीने मुकाट्याने मान्य केलं.

"घ्या! हे बरं चाललं," ती कपाळाला हात लावून म्हणाली. पडद्यावर बांधलेल्या प्रोग्रामच्या तपासण्या सरकू लागल्या.

"रेघ काढून पाहतो आहे… जमलं."

काहीतरीच. दुसऱ्या मशीनसाठी बांधलेलं इथे चालूच शकत नाही. आणि बाबांचं मशीन तर वायर काढून कोपऱ्यात ठेवलेलं. मग जमलं कुणाला?

"वर्तुळ काढून पाहतो आहे… जमलं."

पलीकडे पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज झाला.

ती दारात गेली. बाबांच्या उजव्या हातात पेन्सिल होती. कागदावर एक रेघ आणि शेजारी कंपासनेही येणार नाही असं वर्तुळ.

"बाबा, हात…"

"माझं मलाच कळत नाही गं," बाबा हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिलाही रडू फुटलं. किती दिवसांनी ते असे हसले होते.

डोळे पुसत ती लॅपटॉपकडे वळली.

"हसून पाहतो आहे… जमलं."

"जुनी आवृत्ती काढून नवी बसवतो आहे…"

तिने धावत जाऊन थांबवायची कळ दाबली.

"अगं, हात कसा आपो—"

पुढे काहीच नाही. तिने दारातून पाहिलं. बाबांचं तोंड अर्धवट उघडं होतं. पापणी हलत नव्हती. छातीही.

तिने लिहिलं, "पुढे चालू."

"—आप चालतोय," बाबा म्हणाले.

संध्याकाळी धाकटा भाऊ कामावरून आला. "ताई, लॅपटॉपची भट्टी झालीय. बंद करू का?"

"हात लावू नकोस," ती चार्जरची पिन घट्ट बसवत म्हणाली. "बाबांना चहा दिलास?"

"दिला की. आज फार खुशीत आहेत."

आतून बाबांचा आवाज आला.

"चहा पिऊन पाहतो आहे."

मग कप बशीत ठेवल्याचा आवाज.

"जमलं."