टाकीमागचं शिबिर

“हात दाखव,” चौकशी म्हणाली.

बिट्टीने हात पाठीमागे नेले. “कशाला?”

“दाखव म्हणजे दाखव.”

चौकशी शेजारची. प्रश्न विचारल्याशिवाय तिचं अन्न पचत नसे, म्हणून हे नाव. तिच्या जोडीला आज लंबू होता, बिट्टीचा मामेभाऊ, शाळेच्या व्हॉलीबॉल संघातला, सुटीत राहायला आलेला. दोघांनी बिट्टीचे हात मनगटापासून कोपरापर्यंत निरखून पाहिले.

“चार दिवस व्हॉलीबॉलच्या शिबिराला जातेस आणि साधी लाली नाही?” लंबू म्हणाला. “मी खेळायला लागलो तेव्हा हात असे सुजले, की आईने विचारलं, कुणी बदडलं तुला?”

“माझी कातडी जाड आहे.”

“कातडी नाही, थाप जाड आहे,” चौकशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हळूच तिच्या मागे निघाले. बिट्टी क्रीडागृहापर्यंत गेली, पण दारातून आत शिरलीच नाही. वळसा घालून ती पाण्याच्या टाकीमागे गेली आणि मांडीवर बॉल घेऊन पालथ्या बादलीवर बसली. समोर लंबू दिसताच तिला रडू कोसळलं.

“आईला सांगू नका,” ती हुंदके देत म्हणाली.

आईने हे शिबिर शोधायला किती खेटे घातले होते! बाकीची शिबिरं एकतर दोन बस बदलून जावं इतकी लांब, नाहीतर फी ऐकूनच घाम फुटावा अशी. हे मात्र फुकट, घराजवळ आणि खास नवशिक्यांसाठी. आईने रात्री मशीनवर बसून तिला खेळायची चड्डी शिवली आणि अख्ख्या गल्लीला सांगितलं. पहिल्याच दिवशी प्रशिक्षक दारात म्हणाले, “सर्व्ह करून दाखव.” बॉल तिरपा उडाला तो थेट त्यांच्या चहाच्या कपावर. सगळे खो खो हसले. प्रशिक्षक म्हणाले, “इथे कच्च्या लिंबांना जागा नाही.”

“घरी येऊन कोणत्या तोंडाने सांगणार होते?” बिट्टी म्हणाली. “आणि परवा समारोप आहे. आई बघायला येणार.”

“थांब,” चौकशी म्हणाली. “शिबिर नवशिक्यांचं, तर परीक्षा कसली?”

आता हा प्रश्न बिट्टीला का सुचला नव्हता? लाजेपुढे माणसाचं डोकं चालत नाही, हेच खरं.

लंबूने खिडकीतून डोकावलं. आत मुलं उड्या मारून दणादण स्मॅश मारत होती.

“अरे, हा तर याच सरांच्या क्लबचा संघ. मागच्या स्पर्धेत यांनीच आम्हाला धूळ चारली. नवशिक्यांच्या नावाने सरकारी जागा फुकट घ्यायची आणि सराव आपल्या पोरांचा. वा रे पठ्ठे!”

समारोपाला क्रीडा अधिकारी बाई आल्या. आज तीच मुलं मुद्दाम धडपडत होती. कुणाची सर्व्ह जाळीत, कुणी स्वतःच्याच पायात अडखळतोय. प्रशिक्षक कौतुकाने म्हणाले, “अगदीच नवी आहेत हो.”

“जा, तूही एक सर्व्ह मार,” म्हणत चौकशीने बिट्टीला कोपराने ढोसलं. सगळ्यांसमोर जायचं! त्यापेक्षा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बिट्टीला वाटलं. तरी ती गेली.

“बाई, मीपण नवशिकी आहे. एक सर्व्ह करू?”

“कर की,” बाई म्हणाल्या. प्रशिक्षकांना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही.

बॉल पुन्हा तिरपा सुटला, या वेळी बाईंच्या चष्म्याकडे. आत्ताच अडखळलेल्या मुलाने जमिनीवर झेप घेऊन तो अलगद उचलला, दुसऱ्याने सवयीने वर चढवला आणि तिसऱ्याने जाळीपलीकडे दाणकन आपटला. मग कुठे तिघांच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो.

“हे एका आठवड्यात शिकलात?” बाईंनी विचारलं. मुलांनी प्रशिक्षकांकडे पाहिलं, प्रशिक्षकांनी छताकडे.

लंबूने सारं सांगितलं: क्लबचा संघ, दारातली परीक्षा, नवशिक्यांना हसून हाकलणं; फक्त बिट्टीचं नाव घेतलं नाही. बाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं: उद्यापासून नवं शिबिर, नवा प्रशिक्षक, दारात परीक्षा नाही. त्यांनी बिट्टीची पाठ थोपटली. “धीट आहेस.”

“माझीच मुलगी,” मागून आई अभिमानाने म्हणाली. “रोज न चुकता शिबिराला यायची.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लंबूने गप्प राहायची खूण केली. बिट्टीचे कान मात्र तापले होते. आपल्याला शाबासकी मिळतेय आणि आई आपल्यापायी खोटी पडतेय, हे तिला सहन होईना.

“आई, मी शिबिरात नव्हतेच. रोज टाकीमागे बसून घरी यायचे. तुला खोटं सांगत होते.”

टाळ्या थांबल्या. आईचा चेहरा पडला. ती खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत पुढे आली.

“तुला दारात हसले?” तिने हळूच विचारलं.

“हो.”

“आणि तुला वाटलं, मीही हसेन?”

आईने बिट्टीचा हात धरला आणि उद्याच्या शिबिरासाठी नाव नोंदवायला लागलेल्या रांगेत तिच्याबरोबर जाऊन उभी राहिली.