कागदाखालचं नाव

लिनेट क्रॉम्प्टनला लेबल झाकायला सात मिनिटं लागायची. पांढऱ्या कागदावर चहाचा कप पालथा घालायचा, कडेने पेन्सिल फिरवायची, कात्रीने गोल कापायचा, मधोमध भोक पाडायचं, मागे गोंद फासायचा आणि रेकॉर्डच्या लेबलवर दाबून बसवायचा. तिच्या कात्रीचं एक टोक मोडकं होतं, त्यामुळे गोलाला एका जागी बारीकशी खाच पडायचीच. ती खाच तिला आवडायची. म्हणायची, "माझी सही आहे ती."

झाकायचं कशाला, असं इंग्लंडातल्या बेकपमध्ये कुणी विचारलं नसतं. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत निघालेली, तिथे कुणी हुंगलीसुद्धा नाही अशी सोल, काळ्या गायकांच्या नाचऱ्या गाण्याची, रेकॉर्ड म्हणजे या गिरण्यांच्या गावांतलं सोनं. जितकी तिथे पडेल, तितकी इथे भारी. तशी एखादी हाती लागली की खरं नाव कागदाखाली गाडायचं आणि वर बिनधास्त थाप लिहायची. नाव फुटलं की महिन्याभरात दुसरा कुणीतरी तीच रेकॉर्ड मागवणार, मग तुम्हाला कोण विचारतो?

लिनेटकडची रेकॉर्ड मँचेस्टरच्या एका गोदामात सापडली होती, नाताळच्या गाण्यांच्या खोक्यात, तळाशी. निळं लेबल, सोनेरी अक्षरं. गाणारी आर्लेटा मिम्स. हे नाव कुठल्याच यादीत नव्हतं. पहिल्यांदा सुई टेकवली तेव्हा लिनेट पलंगावरून उठली ती गाणं संपेपर्यंत खाली बसलीच नाही.

तिने वर लिहिलं, 'व्हर्लीन टास्कर'. व्हर्लीन हे तिच्या मैत्रिणीच्या, मॅक्सीनच्या केसांच्या लोशनचं नाव. टास्कर हा कोपऱ्यावरचा खाटीक.

"खाटकाची बहीण गायला लागली," मॅक्सीन हसून हसून वाकली. दोघी सपाता शिवायच्या कारखान्यात शेजारी शेजारी बसायच्या.

"हस तू. बघ आता टॅटर्सल कसा याद्या चाळत बसतो ते."

क्लिफर्ड टॅटर्सल म्हणजे विणकर हॉलमध्ये नाचासाठी रेकॉर्डी लावणारा जुना खेळाडू. चाळिशीचा, कोट कायम इस्त्रीचा. दर रविवारी दुपारी बारा ते आठ हॉलमध्ये नाच चालायचा. खिडक्यांतून राखाडी उजेड, मेपलच्या फळ्यांवर पाय घसरावा म्हणून शिंपडलेली टाल्कम पावडर, मागच्या टेबलावर मटण-बटाट्याचे पॅटिस आणि भिजके वाटाणे. तीन ते चार हा सगळ्यात भारी तास. तो नऊ वर्षं टॅटर्सलचा होता. मार्चमध्ये हॉलच्या मालकीणबाई, मिसेस एंटविसल, यांनी लिनेटची ती एक रेकॉर्ड ऐकली आणि तास तिला देऊन टाकला.

"जोवर ती तुझ्या एकटीकडे आहे, तोवर," बाई म्हणाल्या होत्या. "दुसऱ्याकडे मिळायला लागली की तूही घरी."

लिनेट सतरा वर्षांची. भूगोलाच्या बाईंवर डस्टर फेकून शाळा सोडली त्यानंतर तिला 'हे तुझं' असं म्हणून कुणी काही दिलं नव्हतं. तो तास ती मेली तरी सोडणार नव्हती.

म्हणून तर तिने अमेरिकेला पत्र टाकलं, लेबलवरच्या पत्त्यावर. इथे लोक यावर नाचतात, आणखी प्रती आहेत का, एवढंच विचारलं. कंपनी कधीच बुडाली होती, पण पत्र फिरत फिरत खुद्द गाणारीकडे पोचलं आणि तिचं उत्तर आलं. तिरपं, टापटीप अक्षर. लिनेटने कारखान्यातल्या मधल्या सुट्टीत ते मॅक्सीनला वाचून दाखवलं. 'मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. एकच रेकॉर्ड गायले. माझ्याकडची प्रत आणि कंपनीकडचे सगळे गठ्ठे पुरात वाहून गेले. तुमच्याकडे माणसं माझ्या गाण्यावर नाचतात हे वाचून मी खुर्चीत बसूनच राहिले. त्यांना माझं नाव माहीत आहे का?'

"लिही ना काहीतरी तिला," मॅक्सीन म्हणाली.

"काय लिहू? की तुझ्या नावावर कागद चिकटवलाय?"

लिनेटने पत्र सपातांच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवलं. जगात आणखी प्रत नाही, हे तर कळलं होतं.

मे महिन्यात एक दाढीवाला टेबलाशी येऊन म्हणाला, "व्हर्लीन टास्कर ना? शिकागोची. आवाज ओळखला मी."

लिनेटला मजा वाटली. या मंडळींत 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे पाप. आणखी दोघं तेच म्हणाले. एकाने तर या व्हर्लीनच्या दुसऱ्या गाण्याचं नावही सांगितलं. "थापाडे," असं मॅक्सीनला सांगून लिनेटने पॅटिस खाल्लं.

जूनमध्ये मॅक्सीन पडली.

मॅक्सीन कधी पडत नसे. ढोल थांबेपर्यंत चार गिरक्या, मग पाठीवर झोकून पुन्हा उभी, हे ती डोळे मिटून करायची. त्या रविवारी ती झोकली तेव्हा ढोल चालूच होता. कोपर सडकून आपटलं.

"गाणं लांबलं," ती कोपर चोळत म्हणाली. पावडरीने तिचे केस पांढरे झाले होते. "एक गिरकी जास्त आली मध्ये."

"रेकॉर्ड कुठे लांबते, गाढवे? प्लेयरचा पट्टा ढिला झालाय."

लिनेटने पट्टा बदलला. पुढच्या रविवारीही ढोल पाच गिरक्यांनीच थांबला. आणि थांबायच्या आधी गाणारी हसली. घशातल्या घशात, बारीकसं. पूर्वी ती तिथे हसायची नाही. लिनेटने आवाज जरा वाढवला आणि पुढची रेकॉर्ड काढली.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी, पावणेतीनला, टॅटर्सल एक फोटो घेऊन आला. मिसेस एंटविसल यांच्या टेबलावर त्याने तो ठेवला. स्टुडिओतला, गुळगुळीत. कानाशी पांढरं फूल माळलेली बाई ओठ मिटून हसत होती. खाली छापलं होतं, व्हर्लीन टास्कर.

"पोरीने भलतीच हुशारी केली," टॅटर्सल म्हणाला. "झाकायचं नाटक केलं आणि वर खरं नावच लिहिलं. आम्ही बसलो खोटं समजून. माझा माणूस आठवड्यात तीन प्रती पाठवतोय."

"तुमच्या माणसाने तुम्हाला टोपी घातलीय, काका," लिनेट म्हणाली. "हे नाव मी लोशनच्या बाटलीवरून घेतलंय."

"काढ मग कागद."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. सगळ्यांसमोर कागद काढणं म्हणजे खरं नाव टॅटर्सलच्या हातात देणं. पण नाव कळून त्याला मिळणार काय होतं? दुसरी प्रतच नव्हती. लिनेटला हसू आलं.

"काढते. तास माझाच राहील ना, बाई?"

"तू म्हणतेस ते खरं निघालं, तर आयुष्यभर," मिसेस एंटविसल म्हणाल्या.

वाफ दिली तर रेकॉर्ड वाकते. लिनेटने कोमट पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं, आणि कागदावर टेकवून धरलं. शंभर आकडे मोजले. मग खाचेपाशी नख घातलं. कागद सहज निघून आला.

निळं लेबल. सोनेरी अक्षरं.

व्हर्लीन टास्कर.

लिनेटने रेकॉर्ड उजेडात तिरपी धरली. कुणी बदलली असणार. पण शेवटच्या रेघेच्या आत कोरलेला नंबर तोच होता, सातावरच्या वाकड्या आडव्या रेघेसकट. तो तिला पाठ होता. काठावरचा चरा तिच्याच अंगठीचा होता.

"टॅटर्सल, तीनचं तुम्ही बघा," मिसेस एंटविसल म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर लिनेटने मॅक्सीनचा दंड धरला. "तू सांग त्यांना. लोशनची बाटली. खाटीक. तू हसली होतीस."

"कुठलं लोशन?"

"मॅक्सीन, थोबडवीन हां. पत्र वाचून दाखवलं होतं मी तुला."

"हो की. व्हर्लीनबाईचं." मॅक्सीनने दंड सोडवून घेतला. "किती छान लिहिलं होतं गं तिने. तुला काय झालंय?"

लिनेट बसने घरी आली. वाटेत तिने स्वतःला समजावलं. मॅक्सीन घाबरट आहे, टॅटर्सलने काहीतरी हातचलाखी केलीय, पण पत्राला तो हात लावू शकत नाही. पत्र कपाटावर आहे. खाली बाईची स्वतःची सही आहे. तेवढं नेऊन टेबलावर आपटलं की झालं. चारच्या आत परत पोचता येईल.

घरात कुणी नव्हतं. ती स्टुलावर चढली, खोकं काढलं, धूळ फुंकली. पत्र होतं. तेच तिरपं, टापटीप अक्षर. शाळेचं स्वयंपाकघर, पूर, खुर्ची. सगळं जागच्या जागी. शेवटची ओळही.

त्यांना माझं नाव माहीत आहे का?

त्याच्या खाली, सही होती तिथे, एक पांढरा गोल कागद चिकटवलेला होता. चहाच्या कपाएवढा.

लिनेट मोठ्याने म्हणाली, "माहीत आहे. तुझं नाव..."

तिला निळं लेबल दिसत होतं. नाताळच्या गाण्यांचं खोकं दिसत होतं. नाव आठवेना. पहिलं अक्षरसुद्धा.

तिने पत्र खिडकीशी नेलं. गोल कागद कोरा होता. त्यावर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं. कडेला एका जागी बारीकशी खाच होती.

तिने खाचेपाशी नख घातलं.

गोंद अजून ओला होता.