कुंडीत मुंग्या आहेत

येरवड्याच्या त्या ऑफिसात मैना चार वर्षं आपल्या नर्सरीतून झाडांच्या कुंड्या पुरवत होती. कुणी कुंडीत चहा ओतला, कुणी सुपारी थुंकली. पण कुंडीवर चिठ्ठी चिकटवणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला. चिठ्ठीत वळणदार अक्षरात लिहिलं होतं – 'कुंडीत मुंग्या आहेत. कृपया घेऊन जाव्यात.'

"काय घेऊन जायचं? कुंडी की मुंग्या?" तिनं विचारलं.

टेबलामागच्या चष्मेवाल्यानं मान वर केली. "चिठ्ठी नीट वाचा. कुंडी न्यायची असती तर 'जावी' लिहिलं असतं. 'जाव्यात' म्हणजे मुंग्या."

"नारायण पेठ का?"

"कसं ओळखलंत?"

"चिठ्ठीवरून."

तो हसला नाही, पण चष्म्याआडचे डोळे हसले. मैनेनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्याचं नाव यज्ञेश्वर. रशियन यंत्रांची जाडजूड माहितीपुस्तकं मराठीत आणायचं त्याचं काम. उलट्या अक्षरांचं एक पुस्तक टेबलावर उघडं होतं. रशियन बोलताही येतं का, असं ती विचारणार... तेवढ्यात तिचा फोन वाजला. आबांचा.

आबा, म्हणजे धायरीचे सर्जेराव, आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर गेले होते. गावातली आठ माणसं मिळून समरकंद बघायला. मैनेची आई गेल्यापासून बापलेक एकमेकांना सोडून कधी राहिले नव्हते, म्हणून तिनंच त्यांना भरीस घातलं होतं. जा, हिंडून या.

"मैने, काय न्हाय गं," आबा म्हणाले. "हाताला मुंग्या आल्यात सकाळधरनं. मंडळी फुडच्या गावाला गेली, म्या हाटेलातच थांबलो. हितल्या पोरीला त्या भाषा बदलणाऱ्या फोनवर बोलून दावलं, तर तिनं खोलीभर औषधच फवारलं."

मैना खळखळून हसली. फोनचा आवाज मोठा होता, यज्ञेश्वरही हसला. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आबांचे शब्द जड होऊन येताहेत. 'फवारलं' म्हणताना जीभ अडली होती.

"कोणता हात, आबा?"

"उजवा. मघा कप सुटला हातातनं... काय न्हाय, पित्त असंल."

चुलत्याचं असंच झालं होतं. सकाळी मुंग्या, दुपारी हात लुळा, आणि दिवे लागायच्या आत सगळं संपलं. तेव्हा दवाखाना दोन मैलांवर होता, तरी वेळेत पोचले नव्हते. आबा तर परमुलखात, एका खोलीत, मुंग्यांच्या औषधाच्या वासात एकटे होते.

प्रवासाच्या विम्याचा कागद तिच्या मोबाइलमध्ये होता. दुसऱ्या फोनसाठी तिनं इकडंतिकडं पाहिलं, तोवर यज्ञेश्वरनं आपला पुढे केला. विम्याच्या नंबरावर एक गोड आवाज सांगत राहिला, की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग बासरी वाजू लागली. बासरी थांबेना.

"हॉटेलचं नाव सांगा," यज्ञेश्वर म्हणाला. आवाजातला तिरकसपणा कुठल्या कुठं गेला होता.

त्यानं नंबर शोधून लावला आणि रशियनमध्ये बोलू लागला; समरकंदला ती चालते. मैनेला एक अक्षर कळत नव्हतं. ती फक्त त्याचा चेहरा वाचत होती. मध्येच तो थांबला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एकच शब्द दोनदा, सावकाश म्हणाला. मुराश्की... मुराश्की. पलीकडून धावणारी पावलं ऐकू आली.

"मोबाइलनं त्या मुलीला 'मुराव्यी' सांगितलं," तो म्हणाला. "म्हणजे खऱ्या मुंग्या, कुंडीतल्या. हाताला येतात त्या मुराश्की. तिला आता कळलंय. ॲम्ब्युलन्स बोलावतेय."

पुढचा पाऊण तास मैनेला कधीच नीट आठवला नाही. दोन फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले, एकावर आबा, दुसऱ्यावर तिथला डॉक्टर, आणि मध्ये हा परका माणूस एका भाषेतून दुसऱ्या भाषेत धावतोय, एवढंच लक्षात राहिलं. डॉक्टरला नेमकी वेळ हवी होती. सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत एक इंजेक्शन देता येतं. त्यानंतर उपयोग नाही.

"आबा, मुंग्या कवा आल्या?"

"च्याच्या टायमाला."

आबा सकाळपासून चारदा चहा पिणारे. कोणता चहा? त्यांना सांगता येईना, शब्द घरंगळत होते. "ती गोल भाकर... आली... तव्हा," ते कसेबसे म्हणाले. यज्ञेश्वरनं आबांसोबत असलेल्या हॉटेलच्या मुलीला विचारलं, तुमच्याकडे भाकरी किती वाजता वाढतात? साडेआठला. तिथं आता सव्वाअकरा झाले होते.

मग डॉक्टरनं शेवटचं विचारलं, आणि यज्ञेश्वरनं ते सांगण्याआधी तिच्याकडे एकदा पाहिलं. "रक्त पातळ होण्याची गोळी घेतात का ते? घेत असतील आणि इंजेक्शन दिलं, तर डोक्यात रक्तस्राव होईल. तुम्ही सांगाल त्यावर आहे."

मैनेनं त्याचं मनगट धरलं. कधी धरलं, तिलाही कळलं नाही. डोळ्यांसमोर आबांची गोळ्यांची डबी आली, सात खणांची. चुकलं तर... ज्या बापाला तिनं हट्टानं पाठवलं, त्याला तीच मारणार होती.

"नाही. एकच गोळी, रक्तदाबाची."

"नक्की?"

"नक्की. दर रविवारी डबी मीच भरते."

त्यानं सांगितलं. फोन बंद झाला. मग वाट पाहणं सुरू झालं. कुणी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. ऑफिसातली माणसं दबक्या आवाजात बोलत होती. मैनेला भीती वाटत होती, इतकी की रडूही येत नव्हतं. बराच वेळ गेल्यावर यज्ञेश्वर हळूच म्हणाला,

"एक विनंती होती. हात जरा ढिला सोडाल का? मला मुराश्की आल्यात."

तिनं दचकून मनगट सोडलं. चार बोटांचे वळ उठले होते तिथं. ती हसली आणि त्या हसण्यातच तिला रडू कोसळलं. त्यानं समजूत वगैरे काही घातली नाही. फक्त तो हात तिथंच, तिच्यासमोर राहू दिला.

इंजेक्शन वेळेत मिळालं होतं. पण आबा वाचतील का, बोलतील का, हे कुणी छातीठोक सांगेना. आबांचा मित्र गेनबा पुढच्या गावाहून उलट्या पावली परत आला आणि त्यांच्या उशाशी बसला. मैनेकडे पासपोर्टच नव्हता. म्हणून रोज सकाळी दहाला ती येरवड्याला यायची आणि यज्ञेश्वर तिच्यासमोर त्या दवाखान्यात फोन लावायचा. रिकाम्या हाती कसं यायचं म्हणून एक झाड आणायची. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "असंच चाललं तर मला बसायला फांदी बघावी लागेल."

त्याचा चेहरा आता तिला पाठ झाला होता. बातमी बरी असली की तो पेन फिरवायचा. वाईट असली की चष्मा काढायचा. चौथ्या दिवशी आबांना ताप चढला तेव्हा काढला होता, नवव्या दिवशी मेंदूला सूज आली म्हणाले तेव्हाही. चष्म्याकडे त्याचा हात गेला की तिचा जीव गोळा व्हायचा. आणि तरी सकाळी स्कूटर काढताना पाय हलके पडायचे. आपण बापाची बातमी ऐकायला जातोय की बातमी सांगणाऱ्याला बघायला? तिची तिलाच लाज वाटायची.

अठरा दिवसांनी गेनबानं आबांना घरी आणलं. उजवा पाय ओढत होता, बोलणं अडखळत होतं. डॉक्टरांनी रोज मोठ्यानं वाचायला सांगितलं होतं. आबा मनावर घेणारे गडी. वर्तमानपत्र झालं, खताच्या गोण्या झाल्या, दुकानांच्या पाट्या झाल्या. दिसेल ते वाचत सुटले. आता येरवड्याला जायचं कारण उरलं नव्हतं. मैना आठवडाभर रोपांना रोज दोनदा पाणी घालत राहिली.

रविवारी नर्सरीच्या फाटकात यज्ञेश्वर उभा राहिला. हातात तीच पहिली कुंडी. त्यानं ती आबांच्या खुर्चीसमोर ठेवली आणि बाजूला झाला. कुंडीवर चिठ्ठी होती. मैनेचा हात पोचायच्या आत आबांनी घसा साफ केला.

"आपण... आलात... की... हाताला... मुंग्या... येतात." त्यांनी दम घेतला. मजूर बायका काम थांबवून ऐकत होत्या. "कृपया... घेऊन... जावे."

मैनेच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण व्याकरण तिलाही आता येत होतं.

"मुंग्या असत्या तर 'जाव्यात'," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "कुंडी असती तर 'जावी'. हे 'जावे' कुणाला म्हणायचं?"

यज्ञेश्वरनं चष्मा काढला. ती वाईट बातमी ऐकायला तयार झाली. अठरा दिवसांची सवय होती ती. चष्म्याविना त्याचे डोळे फारच उघडे दिसत होते, आणि तिला आत्ता कळलं, की हा माणूस घाबरला म्हणजे चष्मा काढतो.

"मला," तो म्हणाला.

"आमच्याकडं एकदा नेलेलं परत मिळत नाही."

"पाटी लावा तशी."

आबांना सगळं उमजलं की नाही, कोण जाणे. त्यांनी त्याला मानेनं जवळ बोलावलं आणि उजवा हात उचलला, ज्यातून कप सुटला होता तो. हात हवेत थरथरला, चुकला, मग यज्ञेश्वरच्या मनगटावर येऊन बसला.

"ऊन... झालं," आबा म्हणाले. "घरात... चला."

मैनेनं दुसरी बाजू धरली. आबांची पकड अजून ढिली होती, पण ओटा चढेपर्यंत सुटली नाही.