मनगटावरचा नंबर

जर्मनीतल्या हाइलब्रॉनच्या स्टेशनाजवळ एक दुकान आहे. तिथं बुटाला टाच बसवून मिळते, किल्ली करून मिळते आणि धातूच्या पट्टीवर हवं ते कोरूनही मिळतं. २०१६ च्या मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी उज्ज्वल मेश्राम तिथल्या काउंटरपुढे उभा राहून ब्रेसलेट बघत होता आणि कुणी ओळखीचं नाही ना, म्हणून सारखा मागे वळत होता. बायकोला सांगून आला होता, बुटाची टाच निघालीय.

महिन्यापूर्वी कामासाठी हॅनोव्हरला गेला असताना हॉटेलच्या खोलीत त्याला फिट आली होती. नऊ वर्षांनी. डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. वर्षभर गाडी चालवायची नाही, आणि मनगटावर आजाराचं नाव अन् घरच्यांचा नंबर घालायचा. रस्त्यात पडलात तर लोकांना कळायला हवं. आता काय बोलायचं! लोकांना कळू नये म्हणून तर या माणसानं इतकी वर्षं जिवाचा आटापिटा केला होता.

लाल रबरी पट्टा त्यानं हातातही घेतला नाही. जाड स्टीलची साखळी लांबूनच ओरडत होती. शेवटी तपकिरी चामड्याचं एक बारीक ब्रेसलेट त्यानं निवडलं. त्याची पट्टी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवली की शर्टाच्या बाहीखाली दिसेनाशी व्हायची.

"नंबर बायकोचा ना?" म्हाताऱ्या कारागिरानं विचारलं.

"हो," उज्ज्वल म्हणाला, आणि स्वतःच्याच दुसऱ्या फोनचा नंबर लिहून दिला.

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून बघितलं. "कोरायला काय, मी काहीही कोरीन. फोन लागला की माणूस यायला हवा."

उत्कर्षाचा नंबर देणार कसा? लग्नाला सात वर्षं झाली, तरी तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत असायच्या. उज्ज्वलचे वडील दिनकर मेश्राम नागपूरला वस्तीत सभा घ्यायचे. फिट म्हणजे बाधा नव्हे, मेंदूचा आजार आहे, चप्पल कसली हुंगवता, दवाखान्यात न्या, असं खणखणीत सांगायचे. लोक टाळ्या वाजवायचे. उत्कर्षाचं स्थळ आलं तेव्हा त्याच बाबांनी दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तिकडे काही बोलू नकोस." उज्ज्वल बोलला नाही. बाबांचा त्या वेळचा चेहरा आठवला की अजूनही त्याला मान वर करवत नाही.

गाडीचंही तेच. उत्कर्षा रोज ट्रेननं हायडेलबर्गच्या संस्थेत जायची. पाच वर्षांच्या धम्मदीपाला, म्हणजे दीपूला, बालवाडीतून आणायचं काम उज्ज्वलचं. बालवाडी टेकडीवर, बस तासाला एक. गाडी सोडायची तर कारण सांगावं लागणार. म्हणून तो चालवत राहिला. दीपू मागच्या सीटवर जर्मन गाणी म्हणायची आणि याचे हात घामानं स्टिअरिंगला चिकटायचे.

पहिला फोन मंगळवारी आला. उज्ज्वल शेजारच्या नेकारसुल्मच्या कारखान्यात आपल्या टेबलाशी होता. बॅगेतला दुसरा फोन सहसा कधी वाजायचा नाही.

"नमस्कार," एक बाई जर्मनमध्ये म्हणाली. आवाज शांत, जरा धाप लागलेला. "इथं एक गृहस्थ पडलेत. त्यांच्या मनगटावर हा नंबर आहे. आपण त्यांचे कोण?"

उज्ज्वलनं बाही सरकवून पाहिलं. ब्रेसलेट जागेवर होतं. "कुठे पडलेत?"

"टेकडीवरच्या बालवाडीपाशी, फुटपाथवर. पट्टीवर एपिलेप्सी लिहिलंय."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी त्याच्याकडे बघत होता. उज्ज्वल पटकन म्हणाला, "राँग नंबर," आणि फोन ठेवला.

तो इंजिनिअर माणूस. मशीन चुकलं तर कारण असतंच, यावर त्याचा भरवसा. म्हाताऱ्यानं नमुन्यासाठी तीच अक्षरं दुसऱ्या पट्टीवर कोरली असतील आणि ती कुणाच्या तरी हाती लागली असेल, असं त्यानं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत हाइलब्रॉनला जाऊन आला. म्हाताऱ्यानं वही उघडून दाखवली. त्या शनिवारी एकच पट्टी कोरली गेली होती.

गुरुवारी दुपारी तो कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसला आणि फोन वाजला.

"मीच बोलतेय," तीच बाई. मागे वारा होता, आणि चालू राहिलेल्या इंजिनाची घरघर. "त्यांची गाडी फुटपाथवर चढलीय. निळी आहे. तुम्ही खरंच ओळखत नाही यांना?"

उज्ज्वलच्या हातात निळ्या गाडीची किल्ली होती.

"नाही."

"नाही म्हणतात," बाई तिथल्या कुणाला तरी म्हणाली. "यांना कुणीच ओळखत नाही."

तरीही तो गाडी घेऊन गेला. बालवाडीजवळचा फुटपाथ रिकामा होता. वाळलेली पानं, सायकलचं स्टँड, बस्स. त्यानं दीपूला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला, आणि त्याला स्वतःची किळस आली.

शनिवारी उत्कर्षा स्वयंपाकघरात पोहे परतत होती. दीपू टेबलाशी बसून लाल रंगानं घर रंगवत होती. उज्ज्वलनं वाजणारा फोन घेतला तो केवळ आवाज बंद व्हावा म्हणून.

या वेळी बाई नव्हती. एक लहान मुलगी जर्मनमध्ये सांगत होती, की बाबा उठत नाहीयेत. आवाज दीपूचा होता.

समोर दीपू रंगवत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

"हॅलो?" फोनमधली मुलगी म्हणाली. "तुम्ही येताय ना?"

उज्ज्वलनं फोन बंद केला. लेकीच्या आवाजावर त्यानं फोन बंद केला. मग तो तसाच स्वयंपाकघरात गेला, बाही वर केली आणि सगळं सांगितलं. फिट, गाडीची मनाई, बाबा, स्थळ, गोळ्या, फोन.

उत्कर्षानं गॅस बंद केला.

"आजाराचं मला सांगितलं असतंस तर मी काय पळून गेले असते?" ती म्हणाली. मग तिची नजर दीपूकडे गेली. "आणि महिनाभर तू दीपूला गाडीतून आणत होतास?"

"हो."

"डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर?"

"हो."

तिनं खुंटीवरची गाडीची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. फोनचं तिनं खरं मानलं की नाही, कळलं नाही. सोमवारी ती त्याच्याबरोबर दुकानात आली. जाड स्टीलची साखळी तिनंच निवडली, अक्षरं बाहेरच्या बाजूला घ्यायला लावली आणि नंबर स्वतःचा दिला. म्हाताऱ्यानं मान डोलावली. परतताना उज्ज्वलला कितीतरी वर्षांनी हलकं वाटलं.

मंगळवारी उत्कर्षानं सुट्टी घेतली, बसनं जाऊन दीपूला आणलं. तिघं चहाला बसली होती. उत्कर्षाचा मोबाइल वाजला.

तिनं ऐकलं. चेहरा हळूहळू उतरला.

"हो," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मी त्यांची बायको. निघालेच."

ती कोट चढवू लागली.

"अगं, मी इथं आहे," उज्ज्वल म्हणाला.

"दिसतंय मला."

"मग कुठे चाललीस?"

"तिथं कुणीतरी पडलंय, उज्ज्वल. आणि नंबर माझा आहे." तिनं दाराशी त्याच्याकडे पाहिलं. "तू तीनदा फोन ठेवून दिलास."

दार लागलं. तो दीपूजवळ बसून राहिला. दीपू बिस्किट दुधात बुडवत होती.

अर्ध्या तासानं घरचा फोन वाजला.

"सापडला," उत्कर्षा म्हणाली. ती रडत होती. "तूच आहेस. मी हात धरून बसलेय. श्वास चालू आहे. साखळीवर माझा नंबर आहे, काल कोरलेला."

दूरवर अँब्युलन्सचा भोंगा ऐकू येत होता.

उज्ज्वलनं डाव्या मनगटावर हात ठेवला. साखळी होती. गार होती.

"उत्कर्षा, मी घरी आहे. दीपूपाशी."

भोंगा जवळ आला आणि थांबला. माणसांचे आवाज आले, गाडीचं दार सरकलं.

मग ती अगदी हळू, रडू आवरून म्हणाली, "दीपूला फोन दे."

त्यानं दिला. दीपूनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला, हूं हूं करत सगळं ऐकलं, आणि त्याच्याकडे न बघता आपली खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली.