डावीकडचं कडवं

ही गोष्ट खरी आहे. हसायचं तर हसा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

मेलपो माझ्या मामाची मुलगी. तिच्या तोंडून ही हकीकत मी एकदाच ऐकली. पुन्हा विचारलं, तेव्हा ती उठून दुसऱ्या खोलीत गेली.

आणि ती रात्र नव्हती, हेही आधीच सांगतो. भुतं फक्त अंधारात भेटतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगरातली ऑगस्टची दुपार पाहिलेली नाही. चौदा तारीख, मरियामातेच्या मृत्यूच्या स्मरणाचा जो सण, त्याचा आदला दिवस. बाहेर ऊन मी म्हणत होतं. अख्खं गाव जेवून आडवं झालं होतं.

मेलपो तेव्हा थेस्सालोनिकीला संगीताच्या इतिहासात एम.ए. करत होती. प्रबंधाचा विषय तिने हट्टाने घेतलेला: या एका गावच्या चर्चमध्ये सणाला गायलं जाणारं विलापगीत. छापील पुस्तकात त्याची चाल वेगळी, गावात वेगळी. फरक म्हणाल तर एवढासा. एका जागी सगळे लोक सूर वर नेतात आणि हे गाव तो खाली आणतं. पण ज्याला कान आहे, त्याच्या पोटात त्या जागी खड्डा पडतो.

अडचण एकच होती.

तसं गाणारा एकच माणूस उरला होता.

"एक गळा म्हणजे सवय," तिच्या प्राध्यापिका कालिरोई मॅडम म्हणाल्या होत्या. "म्हाताऱ्याची खोड असेल ती. दात पडले की सूरही पडतात. दुसरा गळा दाखव, मग त्याला परंपरा म्हण."

"दुसरा गळा वारला, मॅडम."

"मग तुझा विषयही वारला."

मॅडम तोंडाच्या फटकळ, पण चूक बोलल्या नव्हत्या. मेलपोला दुसरा गळा हवा होता. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

हे गीत दोन बाजूंनी गातात. वेदीसमोर उजवीकडे लाकडी कठड्याच्या उंच जागेवर एक गायक, डावीकडे तशाच जागेवर दुसरा. एक कडवं याचं, एक त्याचं. या गावात उजवीकडे स्टाथिस आजोबा उभे राहायचे आणि डावीकडे त्यांचा धाकटा भाऊ कोस्मास. जन्मभर असेच समोरासमोर. मग कोस्मास गेला. आजोबांनी त्याच्या जागेवर कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही.

ते स्वतःचं कडवं म्हणायचे...

आणि गप्प उभे राहायचे. भावाचं कडवं म्हणून होईल इतका वेळ. मग पुढचं आपलं.

"निम्मी प्रार्थना नुसतं शांत उभं राहायचं," मेलपो जिच्याकडे उतरली होती, ती आन्थूला मावशी सांगायची. "पोरं मागे एकमेकांना चिमटे काढतात. पण म्हाताऱ्याला बोलणार कोण? खा गं ते ऑलिव्ह. उपास सांगितलाय, उपोषण नाही."

आल्या आल्या मेलपोने आजोबांचं गाणं एकदा ध्वनिमुद्रित केलं होतं. खोलीवर ते ऐकताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली.

वाद्याशिवाय एकटा गाणारा माणूस हळूहळू खाली घसरतो. कितीही तयारीचा असो. आजोबाही घसरत होते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी सूर किंचित उतरलेला.

मग ती शांतता...

आणि पुढचं कडवं पुन्हा बरोब्बर मूळ सुरावर.

प्रत्येक वेळी.

दोघं गात असले की असं होतं. एक घसरतो, दुसरा सावरतो. पण इथे दुसरा होताच कुठे? तिने ती शांतता आवाज पूर्ण वाढवून ऐकली. एक माशी घोंगावत होती... कुठेतरी लाकूड करकरलं... बस, एवढंच.

अंगावर काटा आला, असं ती म्हणाली. आनंदही झाला, हेही म्हणाली. अभ्यासकांचं हे असंच असतं. जिथून आपण पळून जाऊ, तिथे ते खुर्ची ओढून बसतात.

चौदा तारखेच्या दुपारी तिने आजोबांना पुन्हा चर्चमध्ये नेलं.

"कितीदा गायचं, मास्तरीणबाई?" आजोबा कुलूप काढता काढता म्हणाले. "तुझ्या यंत्राला कान आहेत की खड्डे?"

"संध्याकाळी गर्दी असेल, आजोबा. शेवटचं एकदा."

"माझं शेवटचं का तुझं, ते बघू."

आत गार होतं. मेणाचा वास. आजोबा उजवीकडे जाऊन उभे राहिले, डोळे मिटले आणि पहिलं कडवं म्हटलं. मेलपो डाव्या जागेशेजारी यंत्र घेऊन उभी होती.

कडवं संपलं.

शांतता...

आता एक सांगायला हवं. माझा मामाही चर्चचा गायक. मेलपोला हे बाळकडूच. समोरच्याचं कडवं संपलं की आपण उचलायचं. घसा बसलेला असो, ताप असो, पण कडवं खाली पडू द्यायचं नाही. लहानपणी एकदा तिने ते पडू दिलं, तर मामा आठवडाभर तिच्याशी बोलला नव्हता.

तिने ठरवलं नव्हतं. पाय आपोआप उचलले गेले. ती कोस्मासच्या जागेवर चढली आणि गाऊ लागली.

आणि नेमक्या त्या जागी, सवयीने, तिने सूर वर नेला. पुस्तकातल्यासारखा.

तेव्हा तिच्या हाताखालचं लाकूड थरथरलं... दुसरंच काहीतरी वाजत असल्यासारखं.

आजोबांनी डोळे उघडले. पुढचं कडवं त्यांचं होतं. ते गायले नाहीत.

"उतर."

"आजोबा, चुकून झालं..."

"उतर तिथून!"

ती उतरली. आजोबा तिच्याकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर त्या रिकाम्या जागेवर होती.

"आता तो कुठं उभा राहील?" ते म्हणाले.

संध्याकाळी चर्च तुडुंब भरलं. आजोबांनी पहिलं कडवं म्हटलं. थांबले. दुसरं सुरू केलं, ते जरा खालून. पुन्हा थांबले. पुढचं आणखी खालून. लोक माना वळवून बघू लागले. शेवटी तर सूर नव्हताच, नुसता श्वास येत होता.

"कोस्मास?" भर चर्चमध्ये त्यांनी हाक मारली.

उरलेलं गीत पाद्रीबाबांनी वाचून संपवलं.

मेलपो अंगणात त्यांच्यासमोर रडली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"वाईट नाही गायलीस, पोरी. पण तो हट्टी आहे. लहानपणीही त्याच्या जागेवर कुणी बसलं, तर भांडायचा नाही. गुपचूप त्याच्या मागे जाऊन उभा राहायचा. जाशील तिथे जायचा."

थेस्सालोनिकीला परतल्यावर ते ध्वनिमुद्रण एकटीने ऐकायची तिची हिंमत झाली नाही. तिने ते थेट मॅडमच्या खोलीत लावलं. भरदिवसा, खिडक्या उघड्या ठेवून.

आजोबांचं कडवं झालं. मग डावीकडचं सुरू झालं... आणि कालिरोई मॅडम खुर्चीत सरळ झाल्या.

"अगं, हा कोण? काय गळा आहे!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "आणि ऐक, तीच जागा... खालीच आणली! मेलपो, मिळाला की तुला दुसरा गळा!"

पुरुषाचा आवाज होता. भरदार, संथ. एकटाच.

"मॅडम... यात मीही गातेय ना?"

"तू? कुठे?" मॅडमनी पुन्हा लावून ऐकलं. "तू नाहीयेस यात."

प्रबंध त्या एका कडव्यावर उभा राहिला असता. मॅडम तर पेढे वाटायच्या बेतात होत्या. पण मेलपोच्या डोळ्यांसमोरून भर चर्चमध्ये भावाला हाक मारणारा तो म्हातारा हलेना. हा गळा आपला नाही, ज्याचा त्याला परत द्यायचा, एवढंच तिला कळलं.

बर्फ पडायच्या आत ती पुन्हा गावी गेली. आजोबांनी गाणं सोडलं होतं. तिने हाताला धरून त्यांना सकाळीच चर्चमध्ये आणलं. मग ती डाव्या जागेवर चढली, मान खाली घातली.

"कोस्मास आजोबा, माझं चुकलं. ही तुमची जागा, मी उतरते."

ती उतरून बाजूला झाली. समोर स्टाथिस आजोबांनी डोळे मिटले आणि थरथरत कडवं म्हटलं. संपवलं. थांबले.

शांतता...

आणि मेलपोला ऐकू आलं.

डावीकडून नाही. मागून. अगदी मानेजवळून. संथ, सावकाश, पूर्ण कडवं. त्या जागी सूर हळूच खाली आला.

ती हलली नाही.

आजोबांनी डोळे उघडले. ते पाण्याने भरले होते.

"काहीच नाही गं. मला तर काहीच नाही ऐकू आलं. तुला आलं का, पोरी?"

मेलपोने मान हलवली. नाही म्हणून.

त्याच हिवाळ्यात आजोबा गेले. भाऊ आता कुठेच नाही, असं समजून गेले. ती खरं बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं की त्यांचं काळीज फाटलं असतं? मला आजही ठरवता येत नाही. तिला तर विचारायची सोय नाही. ते ध्वनिमुद्रण तिने पुसलं, विषय बदलला, आणि त्यानंतर ती कधी गायली नाही.

परवा ती आमच्याकडे आली होती. कॉफी, चेरीचा मुरंबा, इकडच्या तिकडच्या गप्पा. चांगली हसतखेळत होती. निघाली तेव्हा आई तिला दारापर्यंत सोडायला गेली. मेलपो पायऱ्या उतरून रस्त्याला लागली, तरी आई दार धरून उभीच...

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "मला वाटलं, अजून कुणीतरी बाहेर पडायचंय."